अस्तराखालची पत्रं

ग्रंथालयाकडून सात खंड परत आले आणि दुकानात कुणाचा विश्वासच बसेना. एकतीस वर्षांपूर्वी दादांनी स्वतःच्या हातांनी चाळीस खंड बांधून दिले होते. त्यातले तेहतीस अजून दगडासारखे उभे. हे सातच आजारी. पुठ्ठ्याच्या आतलं अस्तर, म्हणजे पुस्तक उघडल्यावर पहिल्यांदा हाताला लागतो तो कोरा कागद, गालफुगी झाल्यासारखं फुगलेलं. सोबत ग्रंथपालांची चिठ्ठी: आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.

"दादांच्या हातचं पुस्तक, आणि फुगलं?" दादांच्या मुलानं खंड उलटासुलटा करून पाहिला. बापाचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान तोच बघायचा. "दादा, खळ लावायला विसरलात की काय तेव्हा?"

तो चेष्टेत म्हणाला. पण दादा हसले नाहीत.

"उघडू नकोस," ते म्हणाले. "दाबात घाल, दोन दिवस राहू दे, आणि पाठवून दे."

"दाबून काय होणार? आतून सुटलंय. अस्तर काढून नवीन लावायला हवं."

"मी सांगतोय ना, उघडू नकोस!"

खिडकीशी शिवणीच्या चौकटीवर बसलेल्या आत्याची सुई थांबली.

आत्याचा कान सगळ्या दुकानात बदनाम होता. कापणीच्या यंत्राचं पातं बोथट झालं की कारागिराच्या आधी तिला कळायचं. खळ पातळ झाली तर कुंचल्याच्या आवाजावरून कळायचं. आत्ता भावाच्या आवाजात तिला जे ऐकू आलं ते रागावणं नव्हतं. दादा घाबरले होते. एकोणऐंशी वर्षांचा माणूस सात पुस्तकांना घाबरला होता.

"उघड रे," ती भाच्याला म्हणाली.

"आत्या, दादा नको म्हणतात."

"दुकान कोण बघतं? तू की दादा?"

कारागीर जेवायला गेले होते, म्हणून बरं. भाच्यानं हाडाची पट्टी अस्तराखाली सरकवली. खळीनं बसलेलं अस्तर उचलायला तास जातो. हे सहज उठलं. आत एक कागद होता. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, निळ्या शाईचा, फक्त चार कोपऱ्यांना चिकटवलेला.

भाच्यानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "चालवालीस, गळावालीचा नमस्कार. तुझं उत्तर नाही म्हणून पुन्हा लिहिते..." तो थांबला. "हे काय? चालवाली कोण?"

आत्यानं सुई गादीत खोचली. मांडीवरचे दोऱ्याचे तुकडे झटकले. मग उठली.

"मी," ती म्हणाली.

या घरात आत्याला कुणी कधी संगीतकार म्हटलं नाही. लग्न का केलं नाही हे मागच्या पिढीनं विचारून विचारून झालं, आणि पुढची पिढी विचारायचं विसरली. घरात पेटी नव्हती, गुरू नव्हता. होता तो कागद. एका संगीतशिक्षकानं स्वरलिपीची पुस्तकं बांधायला दिली, अकराशे प्रती, आणि अकराशे वेळा तीच पानं शिवता शिवता बाई सा रे ग म वाचायला शिकली. फुकटात. चोरून म्हणा हवं तर. मग हाताखालून जाणाऱ्या कवितांना ती चाली लावायला लागली. सुई आत, दोरा ओढ, गाठ. सुई आत, दोरा ओढ, गाठ. हा तिचा ठेका. कधी कवितेचा अर्धाच भाग तिच्या वाट्याला यायचा, उरलेली पानं दुसऱ्या शिवणारणीकडे जायची. मग अर्ध्याच कवितेला चाल. बाकीची तिला कधी मिळायचीच नाही.

आणि एकदा मुलींच्या एका शाळेत, परगावी, ती बांधलेल्या वह्या पोचवायला गेली. गठ्ठे मोजताना गुणगुणत होती. शाळेची गायनशिक्षिका दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हे कुणाचं?" आत्या म्हणाली, "कुणाचं नाही, माझंच आहे." ती बाई हसली. "तुझं म्हणजे कुणाचं नाही होय?"

उभ्या आयुष्यात दोघी भेटल्या दोनदा. पत्रं झाली बारा वर्षं. ही चाल करून पाठवायची, ती मुलींकडून गाऊन घ्यायची आणि उलट टपाली कळवायची: इथं लहान मुलीचा श्वास पुरत नाही. इथं तू स्वतःवरच खूश होऊन जास्तीचं वळण घातलंयस, काढ. हिचं पत्र शिसपेन्सिलीचं, तिचं निळ्या शाईचं. ही चालवाली, ती गळावाली. घरातले हसायचे. "आलं का टपालातलं गाणं?"

मग एकतीस वर्षांपूर्वी आत्यानं एक चाल पाठवली आणि उत्तर आलं नाही. तिनं चार पत्रं लिहिली. उत्तर नाही. आत्याला वाटलं, चाल भिकार निघाली, आणि सांगायला जड जातंय म्हणून ती गप्प बसली. त्यानंतर आत्यानं चाल केली नाही. गुणगुणणंही बंद. सुई चालूच राहिली.

"बाकीचे सहा उघड," आत्या म्हणाली.

आवाज चढल्यावर वरून वहिनी खाली आल्या, मागोमाग भाची. भाची कॉलेजात शिकवायची. आज दादांना डॉक्टरकडे न्यायला आली होती. टेबलावर सात कागद मांडलेले पाहून ती म्हणाली, "हे काय चाललंय?"

"तुझ्या बापाला विचार," आत्या म्हणाली.

दादा खुर्चीत बसले होते. थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं धरून ठेवला होता.

"मी लावली," ते म्हणाले. "ती पत्रं. अस्तराखाली."

"जाळून का नाही टाकलीत?" भाचीनं विचारलं. तिला धक्का बसला की ती असंच बोलायची, परीक्षा घेतल्यासारखं.

"बाइंडरच्या घरात लिहिलेला कागद जाळत नाहीत."

"आणि कोपऱ्यांनाच खळ का लावलीस?" आत्या म्हणाली. "पुरी लावली असतीस तर फुगलं नसतं. शंभर वर्षं कुणाला कळलं नसतं."

"अक्षर खराब झालं असतं," दादा म्हणाले.

बघा माणसाची जात. दुसऱ्याचं घर लुटायचं, आणि लुटलेल्या भांड्यांना पोचे पडू नयेत म्हणून ती गवतात गुंडाळून न्यायची. वर त्याला माया म्हणायचं.

वहिनींनी पदर सावरला आणि नवऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "वन्सं, झालं ते झालं. एवढ्या वर्षांनी उकरून काय हाती लागणार? तेव्हाचे दिवस आठवा. मामंजी गेलेले. दोन कारागीर सोडून गेलेले. तुम्ही निघून गेला असतात तर शिवायला कोण होतं?"

"निघून जाणार होते हे तुला कोणी सांगितलं?"

वहिनी म्हणाल्या, "मला नाही कोणी सांगितलं. अंदाज आपला."

आत्यानं टेबलावरचं पहिलं पत्र उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं. शाळेत चाली बांधायला माणूस हवं आहे, असं त्यात होतं. मुख्याध्यापिका तयार आहेत. माझ्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एक तू घे, एक मला राहू दे. तू कोणती घेणार ते आधी कळव, म्हणजे मी माझी खाट हलवते.

दुसऱ्यात: खाट अजून मध्येच आहे.

तिसऱ्यात: माझं काही चुकलं का? तुझ्या दादांना विचारायचं असेल तर मी येऊन विचारू का? मला भांडता येत नाही, पण तुझ्यासाठी शिकेन.

आत्या चौथ्या कागदाकडे वळली आणि थबकली. तो शिसपेन्सिलीचा होता. पाचवाही. सहावाही.

तिनं ते हातात घेतले नाहीत. नुसती बघत राहिली. स्वतःचं तरुण अक्षर म्हाताऱ्या माणसाला परकं दिसतं. मग ती अगदी हळू आवाजात बोलली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"तू माझी पत्रं टाकत होतास ना रे, दादा?"

दादांनी खुर्ची टेबलापासून बोटभर मागे सरकवली.

"रोज संध्याकाळी. दुकानाच्या टपालाबरोबर. मी म्हणायचे, मी जाते, तू म्हणायचास, पायपीट कशाला, मी टाकतो."

आता मात्र वहिनी खुर्चीमागून पुढे आल्या. "तिची पत्रंही टाकली नाहीत?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, मी सगळ्या नात्यागोत्यात सांगत फिरले! म्हणाले, आमच्या यांची बहिणीवर काय माया, तिचं टपाल टाकायला स्वतः जातात, पावसापाण्याचं. माझ्या भावाला मी तुमचं उदाहरण दिलं. उदाहरण!"

"आई, तुझ्या उदाहरणाचं नंतर बघू," भाचा म्हणाला.

"तू गप रे. तुला फक्त दुकानाचं नाव खराब होईल याची चिंता."

"मग कुणी करायची? ग्रंथपालांना काय सांगू? दादांनी आत्याची पत्रं तुमच्या खंडांत लपवली म्हणून फुगले?"

"खरं तेच सांग," भाची म्हणाली. तिचे डोळे चमकायला लागले होते. "आत्या, मी यावर लिहिते. एक बाई, संगीतकार, घरच्यांनी दाबून टाकलेली. ही पत्रं म्हणजे पुरावा आहे. लोकांना तुझं नाव कळलं पाहिजे."

आत्या तिच्याकडे वळली. "तुझ्या बापानं मला पुठ्ठ्यात घातलं. तू छापात घाल. मधल्या मध्ये मला माझी पत्रं वाचू तर द्याल?"

भाची लाल झाली. तिचं प्रेम होतं आत्यावर, हे खोटं नाही. पण प्रेम करणाऱ्यांनाही माणूस कामाला येईल असंच हवं असतं. एकाला शिवणारीण हवी, दुसरीला हुतात्मा.

आत्या स्टुलावर बसली. सातही पत्रं तिनं तारखेनं लावली. तिची तीन, गळावालीची चार. तिला टोचत होती ती वेगळीच गोष्ट. खोली, खिडक्या, खाट, हे सगळं ठीक. पण चाल? तिनं पाठवलेली शेवटची चाल कशी होती, चांगली की भिकार, याबद्दल यात एक अक्षर नव्हतं. एकतीस वर्षं तिला एवढंच हवं होतं. कुणीतरी सांगावं. वाईट म्हणून सांगावं, पण सांगावं.

"चालीचं कुठं आहे?" ती कागद पुन्हा पुन्हा उलटत म्हणाली. "ती चालीबद्दल लिहिल्याशिवाय राहायची नाही. मरायला टेकली असती तरी लिहिलं असतं. दादा, चालीचं कुठं आहे?"

भाचा म्हणाला, "आत्या, सातच खंड आलेत."

"सात नाहीत," दादा म्हणाले. "आणखी एक आहे."

त्यांनी हात सोडून भिंतीकडे बोट केलं. बोट इतकं हलत होतं की फळीवरची दहा पुस्तकं त्यात आली. तरी सगळ्यांना कळलं. घरचा शब्दकोश. जाडा, काळ्या कापडाचा. पोरांनी त्याच्यावर बसून जेवणं केली होती, परीक्षा दिल्या होत्या. आत्या तर अडलेला शब्द बघायला तो रोज काढायची. रोज.

"मागच्या पुठ्ठ्यात," दादा म्हणाले. "घरात राहणारं पुस्तक, फुगलं असतं तर तुझ्या नजरेत आलं असतं. म्हणून चारी कडांना खळ लावली. मधे कोरडं आहे. सावकाश काढ."

भाचा पुढे झाला, तर आत्यानं त्याच्या हातून पट्टी काढून घेतली. ओलं फडकं पिळून कडेवर ठेवलं, वाट पाहिली, पट्टी बोटभर सरकवली, पुन्हा फडकं. कारागीर जेवून आले, तर भाच्यानं त्यांना दारातूनच चहाला पाठवलं. वहिनींनी न सांगता फडकं धुऊन आणलं, दोनदा.

अस्तर उठलं. आत दोन कागद होते. एकमेकांवर, तोंडाला तोंड लावून. एक निळ्या शाईचा, एक शिसपेन्सिलीचा.

"एकाच दिवशी हातात आली," दादा म्हणाले. "तिचं आलं ते, आणि तुझं जायचं होतं ते. एका संध्याकाळी."

आत्यानं आधी निळं वाचलं.

चालवाली, तुझी चाल मुलींना दिली. अशी चाल तू याआधी केली नव्हतीस. मला दोन दिवस कुणाशी बोलवेना. पण एक विचारते, रागावू नकोस. 'वाट पुसाया कुणी न आले, वाटच आली दारी' या ओळीत 'वाटच' या शब्दावर तू शुद्ध निषाद ठेवला आहेस. शुद्ध निषादाला वरच्या षड्जाची ओढ. तो वर पळतो. आणि इथं तर वाट दाराशी येते आहे, खाली, घरी. मी कोमल करू का? तुझ्या परवानगीशिवाय मी हात लावणार नाही. उत्तर येईपर्यंत ती जागा रिकामी ठेवते. मुली तिथं थांबतील.

मग तिनं आपलं स्वतःचं वाचलं. शिसपेन्सिल पुसट झाली होती, तरी अक्षर लागत होतं.

गळावाली, चाल पाठवल्यापासून झोप नाही. 'वाटच' चुकलं. शुद्ध निषाद नको, तो पळून जातो. कोमल कर. लगेच कर, मुलींच्या गळ्यात चुकीचा बसायच्या आत.

आत्यानं दोन्ही कागद मांडीवर ठेवले. हिनं प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं होतं. तिनं उत्तर न मिळता बरोबर विचारलं होतं. आणि दोन्ही पुठ्ठ्याच्या आत एकतीस वर्षं एकमेकांच्या तोंडाशी पडून होती, आणि ही बाई वरून शब्दांचे अर्थ शोधत होती.

दादा काहीतरी म्हणत होते. "मला वाटायचं, तू गेलीस की..." एवढं म्हणून ते थांबले. पुढचं त्यांना एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं, आता कुठून सुचणार?

"तू काय वाटून घेतलंस ते तुझ्यापाशी ठेव," आत्या म्हणाली. "मला शाळेला फोन लावून द्या."

भाचीनं पत्रावरचं शाळेचं नाव मोबाइलवर शोधलं. आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडे एका बाईचा घाईतला आवाज. मधल्या सुट्टीनंतरचा तास सुरू होता. भाचीनं गायनशिक्षिकेबद्दल विचारलं.

"मीच शिकवते गाणं. तुम्ही जुन्या बाईंचं म्हणताय का? बाईंना जाऊन चार वर्षं झाली."

वहिनींच्या तोंडून "अगं आई" निघून गेलं. आत्या हलली नाही. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. चार वर्षं. म्हणजे सत्तावीस वर्षं ती बाई जिवंत होती, एका रात्रीच्या प्रवासावर, मधेच ठेवलेल्या खाटेवर. सत्तावीस वर्षं बसमध्ये बसून कधीही जाता आलं असतं. आत्या गेली नाही. का? मान होता. मानाचा काय मोठा डोंगर! दादांनी कुलूप घातलं, खरं आहे. पण दार ढकलून बघायला तिला कुणी अडवलं होतं? हा जाब ती दुसऱ्या कुणाला विचारू शकत नव्हती.

ती फोनकडे वाकली. "एक गाणं होतं त्यांचं. वाट पुसाया कुणी न आले."

"हो, आहे ना!" पलीकडचा आवाज एकदम मोकळा झाला. "आमच्याकडे पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गाला तेच शिकवतात. मीही इथंच शिकले. त्यात एक थांबा आहे बघा. 'वाटच' या शब्दावर कुणी काही म्हणत नाही, सगळ्यांनी श्वास धरायचा, मग 'आली दारी'. आम्ही विचारायचो, बाई, इथं काय आहे? तर म्हणायच्या, पत्र यायचंय. आम्हाला वाटायचं, बाईंची गंमत." ती जराशी थांबली. "आपण कोण बोलताय?"

दुकानात सगळे आत्याकडे बघत होते. नाव सांगायची हीच वेळ होती. भाची तर ओठांनी खुणावत होती: सांग, सांग.

"मी पत्र घेऊन आलेय," आत्या म्हणाली. "मुलींना म्हणायला सांगता का? आत्ता?"

फोनमधून बाकं सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं, दटावणी झाली. मग तीस-चाळीस कोवळे गळे सुरू झाले. आत्याला ठेका आधी ओळखू आला. सुई आत, दोरा ओढ, गाठ. वाट पुसाया कुणी न आले...

आणि गाणं थांबलं. रिकामं. पलीकडे वर्गभर मुलींनी श्वास धरला होता. इकडे वहिनींनी, भाच्यानं, कुणी न सांगता. दादांनी डोळे मिटले. आत्याचं तोंड उघडलं होतं, पण आतून काही येईना, आणि तेवढ्यात मुली पुढे निघून गेल्या: आली दारी.

"पुन्हा," आत्या म्हणाली. "एकदा पुन्हा म्हणायला सांगा."

मुलींनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. जागा आली. गळा एकतीस वर्षं बंद असलेला, गंजलेला, त्यातून 'वाटच' निघाला: फाटका, खरखरीत, आणि कोमल निषादाच्या जवळपास, पण नेमका त्यावर नाही. पलीकडे मुली बावरून थांबल्या. कुणीतरी फिसकन हसलं. शिक्षिकेनं "शू" केलं.

भाची रडत होती. वहिनींनी तिला जवळ घेतलं. दादा खुर्चीतून उठायला बघत होते आणि उठता येत नव्हतं.

आत्यानं कपाळावरचा घाम पुसला, आणि बारा वर्षं जिनं तिची एकही चूक सोडली नव्हती तिला ऐकू जावं अशा आवाजात फोनमध्ये म्हणाली,

"चुकला. थोडा खाली लागला. मुलींनो, पुन्हा घ्या."